वाळूवरची व्याख्यानमाला

व्याख्यान म्हटले की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रशस्त सभागृह, उंच व्यासपीठ, टेबलावर पाण्याचा तांब्या, गळ्यात हार घातलेले वक्ते आणि समोर शिस्तीने बसलेले श्रोते! महाराष्ट्राला हे चित्र चांगले परिचयाचे आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे तिच्याच धर्तीवर गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या. शाळा-कॉलेजांची पायरी ज्यांना चढता आली नाही, अशा हजारो लोकांना या व्याख्यानांनी ज्ञानाची दारे उघडून दिली.

कोकणच्या किनाऱ्यावर मात्र एक गाव असे आहे की, तेथील व्याख्यानाला ना सभागृह लागते ना व्यासपीठ. श्रोते बसतात समुद्रकाठच्या पुळणीवर. वर उघडे आकाश आणि समोर अरबी समुद्राची गाज. व्याख्यानाचा विषय तर अगदी जवळच, वाळूखाली निजलेला असतो. त्या गावाचे नाव वेळास.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील एक लहानसे गाव. सह्याद्रीत उगम पावलेली सावित्री नदी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाच्या दक्षिणेस बाणकोटचा किल्ला आहे आणि उत्तरेस हरिहरेश्वराचे क्षेत्र आहे. बाणकोटपासून थोडे दक्षिणेला गेले की नारळी-पोफळीच्या बागांत दडलेली वेळासची कौलारू घरे दिसू लागतात. बागांपलीकडे सुरूचे बन, बनापलीकडे मर्यादवेलीची हिरवी जाळी, आणि तिच्या पुढे पांढुरकी, मऊ, लांबच लांब पुळण.

या गावाला इतिहासाचाही स्पर्श झाला आहे. उत्तर पेशवाईत आपल्या बुद्धिचातुर्याने मराठी राज्याचा गाडा सांभाळणारे नाना फडणवीस यांचे मूळ गाव वेळासच. त्यांचे घराणे भानूंचे. खाडीपलीकडील श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना जंजिऱ्याच्या सिद्दीच्या रोषामुळे आपले गाव सोडावे लागले. तेव्हा ते खाडी ओलांडून वेळासच्या भानूंकडे आले आणि भानू बंधूंनी त्या संकटात त्यांची साथ केली, अशी हकीकत इतिहासग्रंथांत सांगितलेली आहे. हेच बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले. शेजारचा बाणकोटचा किल्ला आंग्र्यांच्या हातून जाऊन १७५६ च्या तहाने इंग्रजांना मिळाला. म्हणजे समुद्रावरून येणारे पाहुणे आणि समुद्रावरून येणारे शत्रू, या दोघांचीही या किनाऱ्याला जुनी ओळख आहे.

पण या सर्वांच्याही फार आधीपासून समुद्रावरून एक मुकी पाहुणी येथे येत आहे. ही पाहुणी म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवीण.

हिची पाठ ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट करड्या रंगाची असते. म्हणून तिला हे नाव पडले. सागरी कासवांत ही जात आकाराने लहान समजली जाते. तरी पूर्ण वाढलेल्या कासवाच्या पाठीची लांबी ६० ते ७० सेंटिमीटर असते आणि वजन ३५ ते ५० किलोग्रॅम भरते. विहिरीतल्या किंवा तळ्यातल्या कासवाला आपले डोके व पाय पाठीच्या ढालीखाली ओढून घेता येतात. सागरी कासवाला ते जमत नाही. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात. खेकडे, कोळंबी, शिंपल्यांतील जीव आणि जेलीफिश हे त्याचे अन्न. त्याचा जन्म सारा पाण्यात जातो, पण मासळीसारखे कल्ले त्याला नसतात. त्याला फुप्फुसे असतात, म्हणून श्वास घेण्यासाठी त्याला वारंवार पाण्यावर यावे लागते.

नर कासव एकदा समुद्रात शिरले की सहसा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादी मात्र अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असा असतो. रात्रीच्या निवांत वेळी ती लाटेबरोबर वाळूवर येते आणि आपले जड शरीर ओढीत भरतीच्या रेषेच्या वर जाते. तेथे मागच्या वल्ह्यांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. त्याचे तोंड अरुंद व पोट रुंद असते. जणू वाळूत पुरलेली घागरच! त्या खड्ड्यात ती शंभराच्या आसपास अंडी घालते. नंतर वाळू लोटून खड्डा बुजविते, आपल्या अंगाने थोपटून वाळू घट्ट करते आणि आल्या वाटेने समुद्रात निघून जाते. तासाभराचा हा कारभार आटोपला की तिचा आणि त्या अंड्यांचा संबंध संपतो. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांची वाट पाहण्यास आई किनाऱ्यावर नसते. ती उब देते वाळू आणि तो राखण करतो समुद्र, असे म्हणावे, तर वाळूवर शत्रूही थोडेथोडके नसतात.

कोल्हे आणि भटकी कुत्री वास काढीत येतात व घरटे उकरतात. बाहेर पडलेल्या पिल्लांवर खेकडे, कावळे आणि घारी टपलेल्या असतात. समुद्रात गेल्यावर मोठे मासे त्यांना गिळतात. हजार पिल्लांतून एखादेच पूर्ण वाढीला पोहोचते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. निसर्गाने हे जाणूनच जणू एका वेळी शंभर अंड्यांची तरतूद केली. परंतु माणूसही या शत्रूंत सामील झाला, तेव्हा ही तरतूद अपुरी पडू लागली.

कासविणीच्या वल्ह्यांचा माग वाळूवर स्पष्ट उमटतो. पहाटे त्या मागावरून चालत जावे, काठीने वाळू टोचून पाहावी, आणि काठी जेथे सहज आत जाईल तेथे उकरावे. अंडी हाती लागलीच. कोकणच्या अनेक गावांत ही अंडी काढून खाल्ली जात, विकलीही जात. ज्यांच्या घरी चार पैशांची चणचण, त्यांना शंभर अंड्यांचे एक घरटे म्हणजे अनायासे लाभलेली मिळकत वाटे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सागरी कासवांना संरक्षण दिलेले आहे. त्यांची अंडी काढणे हा गुन्हा आहे. पण कायदा पुस्तकात होता आणि अंडी वाळूत होती. रात्रीच्या काळोखात लांबच लांब किनाऱ्यावर पहारा तरी कोणी व किती करावा?

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा अभ्यास करीत या किनाऱ्यावर फिरत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी करता, कासवे येथे येतात आणि त्यांची अंडी काढून नेली जातात, हे त्यांना समजले. शोध गरुडाचा होता, सापडली कासवे! येथूनच वेळासच्या कासवांच्या रक्षणाचे काम सुरू झाले.

हे काम काठीने होणारे नव्हते, ते जिभेने करावयाचे होते. गावकऱ्यांशी बोलावे लागले, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. महाराष्ट्रातील कित्येक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. भाविक त्याला हात लावून मगच देवापुढे जातो. भगवंताने कूर्माचा अवतार घेतला, ही कथा लहान मुलालाही ठाऊक असते. मग दगडाच्या कासवाला नमस्कार करणाऱ्या हातांनी जिवंत कासवाची अंडी का उकरावी? हा प्रश्न विचारणे सोपे होते. पण अंडी विकून ज्याच्या घरात मीठमिरची येत होती, त्याचाही एक प्रश्न होता आणि तो काही खोटा नव्हता. कासव जगेल, पण आमचे काय? ज्या उपदेशात या प्रश्नाला उत्तर नाही, तो उपदेश वाऱ्यावर जातो.

वेळासला या प्रश्नाचे उत्तर हळूहळू सापडले. गावातील माणसांनाच घरटी शोधण्याचे व राखण्याचे काम देण्यात आले. माग काढण्याची आणि वाळू पारखण्याची जी नजर आजवर अंडी नेण्यासाठी वापरली जात होती, तीच आता अंडी वाचविण्यासाठी उपयोगी पडू लागली. काही वर्षांनी ‘कासव महोत्सव’ सुरू झाला. पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडील लोक ती पाहण्यासाठी वेळासला येऊ लागले. हे पाहुणे उतरतात गावकऱ्यांच्याच घरी आणि जेवतात त्यांच्याच स्वयंपाकघरातील आमटी-भात. अंडी विकून जे मिळत होते त्याहून अधिक मोल अंडी राखल्याने मिळते, हे घराघराला पटले. पुढे वन विभागाच्या साहाय्याने कोकणातील इतर किनाऱ्यांवरही असेच काम उभे राहिले. या कामात झटणाऱ्या गावकऱ्यांना ‘कासवमित्र’ असे गोड नाव मिळाले आहे.

महोत्सवाच्या दिवसांत संध्याकाळी कासवांवरील माहितीपट दाखविला जातो, आणि कार्यकर्ते व गावकरी पाहुण्यांना माहिती सांगतात. येथील वक्त्यांपैकी पुष्कळांचे शिक्षण पुस्तकांपेक्षा वाळूवरच अधिक झालेले असते. श्रोत्यांत पाच वर्षांची बालके असतात तसे सत्तर वर्षांचे आजोबाही असतात. आणि प्रश्न विचारण्यात दोघांनाही सारखाच उत्साह असतो.

“अंडी दुसरीकडे का हलवितात?” हा पहिला प्रश्न ठरलेलाच. मूळ जागी कुत्र्या-कोल्ह्यांचे आणि भरतीच्या पाण्याचे भय असते, म्हणून पुळणीवरच जाळीचे कुंपण घालून एक सुरक्षित आवार तयार केलेले असते. कासविणीने खणला तसाच, त्याच मापाचा खड्डा तेथे खणतात आणि अंडी त्यात ठेवतात. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच उरकावे लागते. कारण त्यानंतर आतील गर्भ कवचाला वरच्या बाजूस चिकटू लागतो. मग अंडे उलटेपालटे झाले तर तो दगावतो. म्हणून अंडी उचलताना आईच्या हाताने तान्हे मूल उचलावे तितके जपावे लागते. प्रत्येक खड्ड्यापाशी तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. तो काळ जवळ आला की खड्ड्यावर टोपली पालथी घालतात व सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

“अंड्यातून नर निघणार की मादी, हे कशावरून ठरते?” या प्रश्नाचे उत्तर ऐकून सगळे चकित होतात. ते ठरविते वाळूची उष्णता! सुमारे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास नर व माद्या दोन्ही जन्मतात. वाळू त्याहून अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात, आणि थंड राहिली तर नर अधिक. मात्र फारच तापली तर गर्भ आतच मरतात. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही बातमी वर्तमानपत्रात वाचताना ती कोठल्या तरी दूरच्या देशाची वाटते. पण वेळासच्या वाळूतील एका अंड्याच्या भवितव्याशी तिचा असा थेट संबंध आहे.

“पिल्ले टोपलीत घालून एकदम पाण्यातच का सोडीत नाहीत? एवढेसे जीव, वाळूवरून चालताना किती दमतात!” असा कळवळ्याचा प्रश्न बहुधा एखादे लहान मूल विचारते. पण ही चाल पिल्लांना हवीच असते. मोठेपणी मादी अंडी घालण्यास बहुधा आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरातच परत येते. पृथ्वीच्या चुंबकत्वाची त्या ठिकाणची खूण पिल्लाच्या ठायी जन्मतःच नोंदली जाते व पुढे तीच त्याला वाट दाखविते, असे शास्त्रज्ञांचे मत आहे. म्हणून पिल्लांचा समुद्राकडे जाण्याचा प्रवास शक्य तितका निसर्गतः व्हावा, अशी काळजी घेतात. त्यांना हात लावू देत नाहीत. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधून मधली वाट मोकळी ठेवतात, आणि पाहुणे दोऱ्यांमागे उभे राहतात.

“आणि दिवे लावण्यास मनाई का?” याचेही कारण आहे. रात्री समुद्रावरचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ दिसते. त्या उजेडाच्या रोखाने पिल्ले चालतात. किनाऱ्यावर विजेचे दिवे लखलखत असले तर ती फसतात, उलट्या दिशेने चालू लागतात आणि उन्हे आली की करपून मरतात. माणसाला आपला दिवा प्रकाश देतो, तोच दिवा दुसऱ्या जिवाला अंधारात लोटतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी व्याख्यानाचा उत्तरार्ध असतो. आणि तो पिल्लेच सांगतात. टोपली उचलली जाते. वाळू हलते, एक काळे डोके वर येते, मग दुसरे, मग तिसरे. तळहातावर मावतील एवढे ते जीव क्षणभर थबकतात आणि मग इवलीशी वल्ही मारीत पाण्याकडे निघतात. पहिली लाट येते व त्यांना मागे लोटते. ती उताणी होतात, सावरतात, पुन्हा निघतात. दुसरी लाट येते आणि त्यांना घेऊन जाते. आदल्या दिवशी प्रश्नांची सरबत्ती करणारे श्रोते त्या क्षणी एक शब्दही बोलत नाहीत.

समुद्रातही संकटे आहेतच. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घेण्यास वर येता येत नाही, आणि जन्मभर पाण्यात राहिलेला तो जीव पाण्यातच गुदमरून मरतो. यावर उपाय म्हणून जाळ्यात लोखंडी गजांची एक चौकट बसविता येते; गजांमधून मासळी पुढे सरकते, कासव मात्र चौकटीला अडून वरच्या झापेतून बाहेर पडते. पण प्रत्येक जाळ्यात अशी चौकट नसते. आणि कासव सोडविण्यासाठी जाळे कापावे, तर कोळ्याचे नुकसान होते. हे जाणून महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस एक योजना सुरू केली. संरक्षित सागरी प्राण्याला सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या कोळ्याला तीत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरविण्यात आले. वेळासला जे सूत्र सापडले होते, तेच येथेही दिसते. प्राण्याचे रक्षण करावयाचे असेल, तर त्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचा विचार आधी करावा लागतो.

समुद्रात गेलेली ही कासवे जातात तरी कोठे? जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका कासविणीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे लहानसे यंत्र बसविण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर असा मान मिळालेली ही पहिलीच ऑलिव्ह रिडले. म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. पुढे २०२५ च्या जानेवारीत त्याहून नवलाची गोष्ट घडली. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास आलेल्या एका कासविणीच्या वल्ह्यावर धातूची क्रमांकपट्टी आढळली. ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती! ओडिशाच्या गहिरमाथा येथे ही कासवे एकेका हंगामात लाखांनी येतात. कोकणात मात्र ती एकेकटी येतात. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगळी असावीत, असा समज होता. पण ही प्रवासिनी भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून सुमारे ३,५०० किलोमीटर अंतर पोहून आली होती. गुहागरच्या कासवमित्राने राखलेले कासव उद्या ओडिशाच्या कोळ्याच्या जाळ्यापाशी जाऊ शकते. एका किनाऱ्याने राखावे आणि दुसऱ्याने दुर्लक्ष करावे, तर पहिल्याचेही श्रम वाया जातात.

ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालण्याजोगी होण्यास सुमारे १५ वर्षे लागतात. यंदा वेळासच्या वाळूवरून समुद्रात गेलेले पिल्लू जगले, वाचले आणि मादी निघाले, तर अंडी घालण्यासाठी किनाऱ्याकडे वळण्यास त्याला इतकी वर्षे जावी लागतील. यंदा व्याख्यान ऐकणारी १२ वर्षांची मुलगी तेव्हा २७ वर्षांची झालेली असेल. कदाचित ती वकील होईल, कदाचित मासेमारीच्या होडीची मालकीण. कदाचित किनाऱ्यावर हॉटेल बांधून तेथे दिवे लावावयाचे की नाही, हे ठरविणेही तिच्याच हाती येईल. त्या संध्याकाळी पुळणीवर ऐकलेले चार शब्द तिला आठवले, तर कासविणीला परत येण्यास किनारा उरेल.

व्याख्यान खरोखर किती रंगले, हे टाळ्यांवरून कळत नाही. ते कळण्यास कधी कधी १५ वर्षे थांबावे लागते.